कधी बदललं? आणि कोणी?

मंडळी, आजचा विषय जरा कॉम्प्युटरचा आहे, पण घाबरू नका. मी जन्मभर मराठी शिकवलं. मला कळलं, म्हणजे तुम्हाला कळेलच!

माझी भाची एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. मागे तिच्यावर बालंट आलं. हिशेबाचा एक रिपोर्ट चुकला आणि साहेब म्हणाले, "टेबल तूच बदललंस." पुरावा काय, तर तारीख! एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस.ऑब्जेक्ट्स नावाची यादी असते. तिच्यात प्रत्येक टेबलापुढे दोन तारखा. क्रिएट_डेट म्हणजे जन्मतारीख, मॉडिफाय_डेट म्हणजे शेवटच्या बदलाची. ही दुसरी तारीख नेमकी हिच्या पाळीतली निघाली.

"अगं मावशी, मी फक्त नवा इंडेक्स टाकला होता," ती रडवेली होऊन म्हणाली. नुसत्या इंडेक्सनेही ती तारीख बदलते म्हणे. उलट आतल्या हजार ओळी कोणी पुसल्या, तरी ती हलत नाही. आणि टेबल काढून त्याच नावाने पुन्हा केलं, की जन्मतारीखही नवी कोरी! ओरॅकलमध्ये तर कोणाला परवानगी दिली किंवा काढून घेतली तरी शेवटच्या बदलाची वेळ बदलते. पोस्टग्रेस टेबलाची जन्मतारीख ठेवतच नाही.

मला आमचं शाळेचं जनरल रजिस्टर आठवलं. जन्मतारीख दुरुस्त केली, की शेजारी आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. नुसती खाडाखोड दिसली तर ती कोणाच्याही माथी मारता येते. त्या मॉडिफाय_डेटचंही तेच. 'कधी' सांगते, 'कोणी' आणि 'काय' यावर मूग गिळून गप्प.

यावर उपाय आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2005 च्या आवृत्तीपासून डीडीएल ट्रिगर लावता येतो. कोणी टेबलाच्या रचनेला हात लावला, की त्याचं नाव, वेळ आणि दिलेली आज्ञा वेगळ्या टेबलात उतरवून ठेवायची. पण तो आधी लावलेला हवा. झाल्या गोष्टीची नोंद तो मागाहून कुठून आणणार?

भाची सुटली ती इंडेक्स टाकायला सांगणारी ईमेल तिने जपून ठेवली होती म्हणून. चूक पुढे दुसरीकडेच सापडली. ट्रिगर आता लागलाय. साहेबांनी 'सॉरी' म्हटलं का, ते मी विचारलं नाही.

असो. घरचा सातबारा काढाल तेव्हा त्यावरचे फेरफार क्रमांक जरूर बघा. कोणत्या कारणाने काय बदललं, ते त्या क्रमांकावरून फेरफार नोंदवहीत सापडतं. कोणावर बोट दाखवण्याआधी एवढं तरी बघावं, नाही का?