परळ, दादर, वरळी, बेलापूर : घरांच्या वाटेवरचा एक रविवार

आपला समाज मुंबईत आला तो गिरण्यांच्या भोंग्यामागे, गोदीच्या कामामागे, रेल्वे आणि म्युनिसिपालिटीच्या नोकरीमागे. गावकुसाबाहेरची झोपडी सुटली आणि चाळीतली एक खोली मिळाली. त्या एका खोलीत आपल्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. आता त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. घर बदलते आहे, तेव्हा घर म्हणजे नेमके काय, याचाही विचार व्हायला हवा. या हेतूने आमच्या मंडळाचे आम्ही चौदा जण एका रविवारी सकाळी परळहून निघालो. त्यात पाच महिला होत्या, तीन कॉलेजचे विद्यार्थी होते. डबे सोबत होते.

परळची दोन खोल्यांची चाळ

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाट, कोंदट वस्त्यांतून तो पसरला. म्हणून १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्या ट्रस्टने कामगारांसाठी ज्या चाळी बांधल्या, त्यांपैकी परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. इथूनच ते न्यूयॉर्कला आणि लंडनला गेले, आणि शिकून परतले तेही इथेच. ‘मूकनायक’ निघाला, महाडचा संगर झाला, गोलमेज परिषद झाली, तेव्हा बाबासाहेबांचा पत्ता हाच होता.

त्याआधी सकपाळ कुटुंब म्हणजे सुभेदार रामजींचा संसार लोअर परळला एकाच खोलीत होता. घरात माणसे निजली की अभ्यासाला जागा व्हायची. म्हणून सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवत. पुढे परळला समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा त्यांनी एक संसाराला ठेवली आणि दुसरी अभ्यासाला. पैसा बेताचा, माणसे पुष्कळ, तरी अर्धे घर पुस्तकाला दिले! आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने तिथेच विचारले, “काका, आज आपल्यापैकी किती घरांत टीव्हीला भिंत आहे आणि पुस्तकाला फळीसुद्धा नाही?” कोणी उत्तर दिले नाही. प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरी न्यावा.

दादरचे राजगृह

परळहून आम्ही दादरच्या हिंदू कॉलनीत गेलो. तिथली वास्तू बाबासाहेबांनी १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बांधून घेतली. मगधाच्या प्राचीन राजधानीवरून तिचे नाव ‘राजगृह’ ठेवले. घर बांधताना त्यांचा पहिला हिशेब ग्रंथांचा होता. बैठक किती मोठी, दरवाजा किती देखणा, हे त्यानंतर. वरच्या मजल्यावर ग्रंथालय आले आणि ग्रंथांची संख्या पुढे पन्नास हजारांच्या घरात गेली. माता रमाई यांनी २७ मे १९३५ रोजी याच घरात शेवटचा श्वास घेतला. तळमजल्यावर जपून ठेवलेल्या वस्तू पाहताना आमच्याबरोबरच्या भगिनींचे डोळे भरून आले.

राजगृह या नावाला धम्माच्या इतिहासातही घराशी जोडलेला अर्थ आहे. विनयपिटकात कथा येते. भिक्खू तेव्हा झाडाखाली, गुहेत, उघड्यावर राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा दाखवली. भगवंतांनी परवानगी दिली आणि त्याने एका दिवसात साठ निवास उभे केले. ते त्याने चारी दिशांच्या, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या संघाला दान दिले. निवास कशासाठी? थंडी, ऊन, पाऊस, श्वापदे यांपासून रक्षणासाठी, आणि शांतपणे ध्यान-चिंतन करता यावे यासाठी. शरीराला आसरा आणि मनाला निवांतपणा, ही घराची दोन मापे धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहेत.

वरळीचे टॉवर

दुपारी वरळी गाठली. गव्हर्नर लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याची आद्याक्षरे म्हणजे बी.डी.डी. त्याने मुंबईत सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले. मध्ये पॅसेज आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी दहा खोल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास सामायिक. आमचा पेशा कारकुनाचा, म्हणून हिशेब मांडला. मजल्यावर २० खोल्या, दर खोलीत पाचच माणसे धरली तरी एका मजल्यावर शंभर माणसे! सकाळी हातात बादली घेऊन रांगेत उभे राहण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याला चाळीचे कौतुक सांगू नये.

पण त्याच पॅसेजमध्ये आपली मुले अभ्यासाला बसली, लग्ने लागली, मयताला माणसे धावली. जानेवारी १९७४ ची दंगल याच चाळींनी सोसली आणि पँथरची पोरे याच चाळींनी सांभाळली. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होई, तेव्हा बायाबापड्या नुसत्या दार ओढून घेऊन येत.

पुनर्विकासाचे भूमिपूजन २२ एप्रिल २०१७ रोजी जांबोरी मैदानावर झाले. म्हाडाने चाळीस मजली इमारती उभारल्या आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे, म्हणजे जुन्या खोलीच्या तिपटीहून अधिक. स्वतंत्र संडास, न्हाणीघर, दोन निजायच्या खोल्या. हा हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत.

ओळखीतल्या एका कुटुंबाने आम्हाला वर नेले. सत्तरी ओलांडलेल्या आजींनी “जयभीम, या बाळांनो, बसा” म्हणून पाणी दिले. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता. आमच्यातल्या ताईंनी विचारले, “आजी, सुखात ना आता?” आजी म्हणाल्या, “सुखच हाय गं बाय. गुडघं दुखत्यात, पन रांग सुटली. येकच हाय. आधी खोकला आला तरी शेजारीन इचारायची. हितं दार लावलं की मानूस हाय का न्हाय, कळत न्हाय.”

सगळ्या दिवसात आम्हाला लागलेले बोल हेच. जागा वाढली, पण शेजार कुठे बसवायचा?

बेलापूरचे अंगण

या प्रश्नाचे एक उत्तर पाहायला आम्ही संध्याकाळी बेलापूरला गेलो. तिथे वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बैठ्या घरांची वसाहत रचली. सात-सात घरांच्या मध्ये एक सामायिक अंगण. प्रत्येक घराला स्वतःचा आभाळाखालचा तुकडा. भिंती एकमेकांना चिकटवल्या नाहीत, कारण कुटुंब वाढले तर घरही वाढवता यावे. आता त्या घरांवर मजले चढले आहेत आणि मूळ रूप कमीच उरले आहे, पण मधले अंगण पाहिल्यावर कल्पना समजते. इंदूरजवळच्या ‘अरण्य’ वसाहतीत पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी असाच विचार केला. गरिबाला आधी जोते, संडास आणि एक खोली द्यायची, पुढचे घर त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. दारापुढे ओटा ठेवला, कारण आपल्याकडे माणूस अर्धा वेळ ओट्यावरच राहतो. त्या कामाला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला आणि दोशींना २०१८ साली प्रिट्झकर पुरस्कार.

मुंबईत जमीन थोडी, म्हणून सर्वांना बैठी घरे मिळणार नाहीत, हे आम्ही जाणतो. पण अंगणाचा विचार चाळिसाव्या मजल्यावरही नेता येतो. लिफ्टसमोरची जागा थोडी रुंद आणि उजेडाची असली, तिथे एक बाक असला, तरी दोन म्हाताऱ्या माणसांची गाठ पडते. तळाशी सभागृह असले तर वर्षावासाचे वाचन बंद पडत नाही.

म्हणून ज्या वस्त्यांत आज पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत, तिथल्या बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. नकाशा टेबलावर आला की नुसते चौरस फूट मोजून सही करू नका. विचारा, स्वयंपाकघरात उजेड-वारा कुठून येणार? लिफ्ट बंद पडली तर आजारी माणूस खाली कसा आणणार? विहाराची, अभ्यासिकेची, बालवाडीची जागा नकाशात दाखवली आहे की नुसती तोंडी सांगितली आहे? देखभालीचा खर्च ठरावीक वर्षांनंतर कोण भरणार, आणि त्यासाठी आजपासून सोसायटीच्या खात्यात किती शिल्लक पडली पाहिजे? या सभांना महिलांना पुढे बसवा. घर दिवसभर वापरते ती बाई, पण नकाशावर मत देतात ते पुरुष, ही रीत मोडली पाहिजे.

आणि चावी हातात आल्यावर, सामान लावण्याआधी, एक भिंत पुस्तकांसाठी राखून ठेवा. ५०० चौरस फुटांत तेवढी जागा नक्कीच निघते. बाबासाहेबांनी ती दोन खोल्यांत काढली होती.

जयभीम!