हातचा

१९५७ साली सुरू झालेल्या किम्सपासून सत्तूरच्या एसडीएमपर्यंत, हुबळी-धारवाडच्या रुग्णालयांत हळियाळ-खानापूरकडची बरीच मराठी माणसं येतात. फाइलसोबत त्यांची एक पिशवीही येते. मी भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं आटोक्यात ठेवणं माझ्याकडे. राउंडला मी आधी ती पिशवी मागते. "मावशी, घरी कुठल्या गोळ्या घेत होतात?" म्हटलं की अंगदुखीची पाकिटं गादीवर ओतली जातात. नावं ठाऊक नसतात, रंग मात्र पाठ.

मग बेरीज मांडायची. पॅरासिटामॉलच्या १०० मिलिलिटरच्या सलाइनच्या बाटलीत १ ग्रॅम औषध. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाकाठी ४ ग्रॅमची मर्यादा. पण ५० किलोच्या आतल्या माणसाला एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमच: ४० किलोच्या मावशींना ६० मिलिलिटर. उरलेलं फेकायचं, आणि फेकताना कुणाचाही जीव हळहळतो. त्यात ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतलं ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, शिवाय पिशवीतली गोळी. नावं वेगळी, पण सगळं एकाच यकृताच्या खात्यात जमा होतं.

मॉर्फिनमध्ये हातचाही धरावा लागतो. मूत्रपिंडं थकलेली असली, की मॉर्फिनपासून शरीरात तयार झालेले घटक साचतात आणि सकाळचा डोस संध्याकाळच्या बेरजेत येऊन बसतो. वर झोपेची गोळी पडली तर श्वासच मंदावतो. त्याआधी बहुधा गुंगी वाढलेली असते. म्हणून सिस्टरना माझं सांगणं असतं: गाढ झोपलेल्याला हाक मारा, श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, मॉर्फिनवरचा उतारा, नॅलॉक्सोन, हाताशी ठेवा.

एवढा धाक असल्यावर औषधच देऊ नये, असं वाटू शकतं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीला कंटाळून अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून ती वाट सोपी करावी लागली. कळा सोसणारा माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होतो. औषध न देण्यानंही इजा होते. म्हणून "दुखतंय का?" एवढ्यावर मी थांबत नाही, पोटावर उशी धरून खोकून दाखवायला सांगते. खोकता आलं नाही तर बेरीज पुन्हा मांडते, आणि जागा उरली असेल तर डोस वाढवते.