खारे पाणी, गोडे पाणी

मुलांनो, सुती कापडावर गडद रंग बसवायला पोतेच्या पोते मीठ लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मला ते लहानपणीच कळले. मिठाची पोती उसवण्याचे काम माझ्याकडेच होते.

आमचे घर कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीचे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सारे गावच मागांच्या खडखडाटात वाढले. अब्बा सूत रंगवत. सूत आणि रंग पाण्यात एकमेकांना दूर लोटतात. मीठ टाकले की हा दुरावा कमी होतो आणि रंग सुतावर बसतो. गडद रंगाला एका लिटर पाण्यात ५० ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त मीठ पडे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असते! मीठ मात्र सुतात राहत नाही, पाण्यातच उरते. ते पाणी आम्ही ओढ्यात सोडत असू.

ओढ्याकाठी एका आजींची वांगी होती. एके दिवशी त्या कडा करपलेले पान घेऊन आल्या.

"भाई, बघा की! पाणी देऊन बी रोप वाळतंय."

अब्बांनी पान हातात घेतले. बोलले काहीच नाहीत. जमिनीत मीठ वाढले, की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, हे मी पुढे शिकलो. अब्बांना ते पान पाहूनच समजले असावे. पुढच्या वर्षी आजींनी वांगी लावली नाहीत.

अशा पाण्यातून गोडे पाणी परत मिळते का? मिळते. खारे पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यावर जोराने दाबतात. पाणी पलीकडे जाते, मीठ अलीकडे राहते. पण अलीकडचे पाणी अधिकाधिक खारट होत जाते. ते समुद्राच्या दुप्पट खारट झाले, की नेहमीची यंत्रे थकतात. मग ते उकळावेच लागते, आणि उकळणे म्हणजे इंधनाचा खर्च.

तुम्ही गुऱ्हाळ पाहिलेच असेल. काहिलीत रस उकळतो आणि वाफ आकाशात जाते. साखर कारखान्यात ती वाया घालवत नाहीत. पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात हवेचा दाब कमी ठेवतात, म्हणून रस कमी उष्णतेवरही उकळतो. नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकन इंजिनिअरने १८४३ साली या युक्तीचे पेटंट घेतले. त्याने ती उसाच्या रसासाठी शोधली. आज रंगाच्या खाऱ्या पाण्यालाही तीच उपयोगी पडते. वाफ थंड केली की गोडे पाणी, तळाशी मीठ!

गेल्या वर्षी मी असा एक कारखाना पाहिला. तेथील पाण्याची बाटली अब्बांकडे नेली.

"खर्च?" त्यांनी आधी तेच विचारले.

"पुष्कळ."

"आणि मीठ?"

"स्वच्छ निघालं, तर पुन्हा रंगाला. नाहीतर सांभाळून साठवावं लागतं."

"पिऊ नका, तपासलेलं नाही," असे मी म्हणेपर्यंत त्यांनी बोट बुडवून जिभेला लावले. जुनी सवय! थोडा वेळ ते गप्प बसले.

"हे वांग्याला चाललं असतं?"

"चाललं असतं, अब्बा."