भेगांची भाषा

परप्रांतात बदलीवर आलेल्या सरकारी नोकराने तेथे घर घ्यावे की नाही, हा वाद आपल्या मंडळींत फार जुना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूरची मेट्रो बोम्मसंद्र्यापर्यंत धावू लागली आणि होसूर रस्त्याच्या आमच्यासारख्या भाडेकरूंच्या मनात त्या वादाने पुन्हा उचल खाल्ली. आम्हीही येथे एक बांधलेले दुमजली घर हेरून ठेवले आहे. मालक सज्जन आहेत. घराला नुकताच रंग दिलेला आहे, आणि नेमके तेच आमच्या मनाला खटकते.

आमचे आजोळ औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्या भागातली जी घरे कोसळली, त्यांच्या भिंती दोन फुटांहून रुंद होत्या. त्यांना दुर्बळ कोण म्हणणार? परंतु त्या भिंती म्हणजे मातीत बसविलेल्या दगडांचे दोन पदर आणि मध्ये भर. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नव्हतेच. धक्क्यासरशी पदर सुटले आणि माळवदाची माती निजलेल्या माणसांवर आली. जेथे माळवद लाकडी खांबांवर पेललेले होते, तेथे भिंती ढासळूनही ते कित्येकदा उभे राहिले. आमची आजी अशाच एका खणाखाली वाचली. तेव्हापासून भिंतीच्या देखणेपणावर आमच्या घराण्यात कोणाचा विश्वास नाही.

बोम्मसंद्र्याची घरे काँक्रीटची, तेव्हा त्यांची दुखणी निराळी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायरीपायरीने चढत गेलेली भेग बहुधा पाया एका अंगाने खचल्याचे सांगते. खांब आणि भिंत यांच्या सांध्यावरची सरळ, बारीक भेग मात्र दोन पदार्थ कमीअधिक आकसल्याची खूण असते. ती सहसा दुरुस्त होते. स्लॅबच्या खालचा गिलावा काँक्रीटच्या ढलप्यांसह सुटत असेल, तर आतील सळई गंजल्याचा संशय घ्यावा. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो.

शिवाय येथल्या गावांच्या नावांतील ‘संद्रा’ हे ‘समुद्र’ शब्दाचे रूप मानतात, आणि समुद्र म्हणजे येथे गावतळे! बंगळुरात तळ्यांवर पुष्कळ काही उभे आहे. मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागी आहे. म्हणून जुना नकाशा पाहावा. भरावाची जमीन वर्षानुवर्षे दबत राहते.

आमच्या मनातील घराच्या स्वयंपाकघरात खिडकीपासून एक तिरपी रेघ रंगाखालूनही दिसते. ती थांबली आहे की चालू आहे, हे ओळखण्याची युक्ती जुनीच आहे. भेगेवर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून तारीख लिहावी. काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. एक पावसाळा अशी काच लावू द्यावी, अशी विनंती आम्ही मालकांना केली. त्यांनी होकार दिला. भाव मात्र तोवर थांबणार नाही, असेही बजावले.

सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तुम्हांला घर घ्यायचेच नाही, भेग हे निमित्त!”

घर आम्हांला घ्यायचे आहे. दहा वर्षांची शिल्लक आणि पुढील वीस वर्षांचे हप्ते त्यात जाणार आहेत. आणि त्या खिडकीखाली आमची मुले निजणार आहेत. भाव चढला तर आणखी दोन वर्षे भाडे भरू; परंतु काचेचे उत्तर आल्यावाचून सही करणार नाही.