सोडण्याची हौस

चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला की आम्हां ख्रिस्ती माणसांना काहीतरी सोडायची हुक्की येते. यंदा मी पान सोडलं. ज्या माहुरात रेणुकादेवीचा प्रसादच मुळी तांबूल, तिथं पान सोडणं म्हणजे काय, हे जाणकारांनी ओळखावं. ब्रँचमध्ये शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना ही वार्ता मी जातीनं दिली.

घरी बाबांना सांगितलं. त्यांना आता दिसत नाही. म्हणाले, “बरं केलंस. टिळकांनी काय सोडलं होतं रे?”

“पगार.”

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या घरात! पेन्शनकडे डोळे लावून बसलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला नुसत्या कल्पनेनं घाम फुटतो. लक्ष्मीबाईंचं काय झालं असेल, ते वेगळंच.

“सोडून काय धरलं?”

“साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना त्यात जागा.”

“आणि तू पान सोडून काय धरलंस?”

उत्तर जुळवतोय तोच मोबाईल वाजला. ब्रँचच्या ग्रुपवर कुणीतरी नाचणारा कोंबडा पाठवला होता. तो तीनदा पाहून होईतो बाबांचा डोळा लागलेला.

उशाशी शास्त्र होतं. रोज संध्याकाळी एक अध्याय वाचून दाखवायचं मीच कबूल केलं होतं. खूण योहानाच्या तिसऱ्या अध्यायावर. रात्री येशूला भेटायला आलेला निकदेम नाताळापासून तिथंच ताटकळत होता.

“गेला का रे निकदेम घरी?” डोळे न उघडताच बाबांनी विचारलं.

मी मोबाईल तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवून आलो आणि चष्मा शोधू लागलो.