मागच्याच्या पायाशी उजेड

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग तसा लहानच. कमानी सभागृह, एलटीजी, दूरदर्शन भवन ही इथली ओळखीची ठिकाणं. मराठी माणसाला मात्र हा रस्ता माहीत असतो तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी करोल बागेकडे खोल्या करून राहणारी आम्ही पोरं अधूनमधून इथे यायचो. निमित्त पोह्यांचं असायचं, पण खरी भूक मराठी कानावर पडण्याची होती. तिथेच मला काका भेटले. सदनात कामाला होते, मूळ सिंधुदुर्गातले. ‘काय गो चेडवा, जेवलंस?’ एवढंच विचारायचे, आणि तेवढ्याने दिवस बरा जायचा. आज लिहिते आहे ते त्यांच्या ऋणाबद्दल, आणि त्यांनी माझ्या हातात ठेवलेल्या एका बॅटरीबद्दल.

३० जुलै २०१२. पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेचं वीजग्रिड कोसळलं. बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर भार वाढला, ती बंद पडली आणि एकामागून एक राज्यं अंधारात गेली. दिल्लीचा जुलै ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको, पंखा थांबला की दोन मिनिटांत अंगाला धारा लागतात. आमच्या इमारतीच्या जिन्याला खिडकी नव्हती. माणसं भिंत चाचपडत गच्चीवर चालली होती, लहान मुलं रडत होती. मोबाइलमधली बॅटरी उतरलेली, त्यामुळे मी उजाडेपर्यंत खोलीच्या दारातच बसून राहिले.

सकाळी सदनात गेले तेव्हा काकांना हे सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि परत येऊन एक काळी, वीतभरसुद्धा लांब नसलेली बॅटरी माझ्या हातात ठेवली. ‘ह्या घे गो. परत करूची गरज नाय.’

ती बॅटरी आजही डोळे मिटून मला ओळखता येईल. अ‍ॅल्युमिनियमचं अंग, ओल्या हातातून सटकू नये म्हणून त्यावर कोरलेल्या बारीक चौकटी, शेपटीला रबरी बटण, मनगटात अडकवायची दोरी. तोंडाच्या कडेला दोन पोचे, कुठल्या तरी दगडावर आपटल्याचे. आत एकच पेन्सिल सेल. मागचं झाकण फिरवलं की आट्यांपाशी रबराची कडी दिसायची, पाणी अडवणारी. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकून परतणारा पुण्याचा एक मुलगा सदनात उतरला होता. त्याचं दुखणं काकांनी रात्र जागून काढलं, म्हणून जाताना तो ही बॅटरी त्यांना देऊन गेला. त्याचं नाव काकांना आठवत नव्हतं. त्या मुलाने सांगितलेली खूण मात्र पक्की आठवत होती. डोंगरात अडकलात तर मिनिटात सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा, उजेड दाखवायचा. मग मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. ज्याला दिसलं तो मिनिटात तीनदा उजेड दाखवून उत्तर देतो.

काकांनी स्वतःची शिकवण त्यात घातली. त्यांच्या लहानपणी रात्रभर दशावतार पाहून माणसं शेताच्या मेरेवरून रांगेने घरी परतायची. सगळ्यांत मिळून एखादीच तीन सेलची बॅटरी, आणि वाटेत फुरशाची भीती. पुढे चालणारा जाणता माणूस उजेड मागे वळवून धरायचा. ‘आपल्या पायार नको मारू,’ काका म्हणाले, ‘मागच्याच्या पायार मार.’

दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, ग्रिड पुन्हा कोसळलं. या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली, मेट्रो थांबली. आमच्या जिन्यात भरदुपारीही मिट्ट काळोख होता. घरमालकांच्या म्हाताऱ्या आईला मी खाली आणलं. मी पुढे, उलटी उतरत, उजेड तिच्या पावलांवर. काकांचं वाक्य त्या जिन्यात मला समजलं.

पुढे मी सांगलीला परतले आणि नोकरीसाठी पुण्याला आले. बॅटरी आई-बाबांकडे ठेवली. सहाची खूण बाबांना शिकवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगली बुडवली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं घर गावभागात. वीज नाही, फोन बंद. आई-बाबा माडीवर अडकलेले. अंधार पडल्यावर बाबांनी गॅलरीतून ती बॅटरी दाखवायला सुरुवात केली. सहा वेळा, मग थांबायचं, मग पुन्हा सहा वेळा. नावेतून फिरणाऱ्या पोरांना ती खूण ठाऊक नव्हती. पण वाऱ्याने हलणारा दिवा असा मोजूनमापून लुकलुकत नाही, इथे कुणीतरी माणूस बोलावतो आहे, एवढं त्यांना कळलं. नाव आमच्या गॅलरीखाली लागली. आई उतरत असताना बाबा उजेड तिच्या पायाखाली धरून उभे होते, पावसात भिजत.

काका तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. मी फोनवर रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सेल काढून ठेवलंस मां?’ बरोबरच होतं त्यांचं. बंद बॅटरीत विसरलेला सेल पाझरतो आणि आतली पट्टी खाऊन टाकतो, मग ऐन वेळी बटण दाबून उपयोग नसतो.

पुण्याच्या त्या मुलाला मी कधी पाहिलं नाही. त्याने कृतज्ञतेने दिलेली वस्तू काकांच्या मायेतून माझ्याकडे आणि माझ्याकडून बाबांच्या हातात गेली. कोण कुठला, आणि माझी आई आज आहे त्यात त्याचा वाटा आहे. याला ऋणानुबंध नाही तर काय म्हणायचं? हे ऋण मागे फेडता येत नाही, पुढेच द्यावं लागतं. भाची अभ्यासासाठी दिल्लीला निघाली तेव्हा ती बॅटरी मी तिच्या पिशवीत घातली, दोन्ही शिकवणींसह.

अशा बॅटरीची गरज पुन्हा जाणवली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री, डोंगरातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा. गाडीरस्ता नव्हता. भर पावसात, चिखलाच्या पायवाटेने, हातातल्या बॅटऱ्यांच्या उजेडात माणसं मदतीला वर चढली. मोबाइलचा उजेड अशा वेळी पुरत नाही, आणि मोबाइल तर बोलण्यासाठी वाचवून ठेवायचा असतो. म्हणून सांगते, घरात एक दणकट बॅटरी ठेवा. आयपीएक्स-७ लिहिलेली मिळाली तर उत्तम, ती मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरते. सेल वेगळे, पण तिच्याशेजारीच ठेवा. महिन्यातून एकदा लावून पाहा. घरातल्या प्रत्येकाला सहाची खूण शिकवा. आणि मूल घराबाहेर राहायला निघालं की एक त्याच्या हातात द्या, उजेड कुणाच्या पायाशी धरायचा हे सांगून.