नल-दमयंती सागरावरचे हंस

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाचे नाव 'नल-दमयंती सागर'. पाटबंधाऱ्यांच्या कागदपत्रांत काव्य सहसा सापडत नाही. पण हे नाव ज्याने सुचवले त्याला महाभारतातले वनपर्व चांगले ठाऊक असले पाहिजे. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या पित्याची राजधानी कुंडिनपूर, म्हणजे परंपरेने याच नदीच्या काठी, धरणाच्या खालच्या अंगाला तिवसा तालुक्यात असलेले कौंडिण्यपूर. नळाच्या हातून सुटलेला हंस उडाला तो याच प्रदेशाकडे.

रघुनाथ पंडितांच्या आख्यानातला हंसाचा विलाप आपल्यापैकी अनेकांनी शिकला आणि शिकवला आहे. यमक, वृत्त, करुणरस वगैरे सारे सांगून झाले की वर्गातला एखादा विद्यार्थी विचारतो, ''सर, आपल्याकडे हंस येतो का?'' या प्रश्नाचे उत्तर टीकाग्रंथांत मिळत नाही. त्यासाठी पौषातल्या पहाटे अमरावतीहून निघून धरणाच्या फुगवट्याच्या काठी जाऊन बसावे लागते. गेली काही वर्षे मी तसा बसतो.

चित्रांतला लांब मानेचा शुभ्र हंस इथे येत नाही. तो भारतातच अतिशय विरळा. संस्कृत वाङ्मयातला हंस हा बहुधा कलहंसांच्या कुळातला पक्षी असावा, असे डच पंडित फोगेल यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वतंत्र ग्रंथात साहित्य आणि शिल्प या दोहोंच्या आधारे मांडले. ते मान्य केले तर आपला हंस म्हणजे पट्टकादंब : राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, आवाजाने काहीसा घोगरा. तिबेट, मंगोलिया, लडाख इथल्या सरोवरांकाठी त्याची वीण होते आणि हिवाळ्यात तो हिमालय ओलांडून खाली येतो. उपग्रहाद्वारे माग काढला गेलेले काही पक्षी सात हजार मीटरांच्या आसपास उंचीवरून गेल्याची नोंद आहे. नीरक्षीरविवेक त्याला मुळीच नाही. तो गवत खातो, आणि गवत नसेल तर कोवळे पीक.

इथेच कथा आख्यानाबाहेर पडते. हिवाळ्यात धरणाचे पाणी कालव्यांत सुटू लागते तसा फुगवटा मागे सरतो आणि गाळाची काळी, ओली जमीन उघडी पडते. तिला 'गाळपेर' म्हणतात. ती पेरणीसाठी हंगामापुरती दिली जाते. गहू, हरभरा, उन्हाळ्याच्या तोंडाशी टरबूज. पट्टकादंबांना तीच जमीन हवी असते. एकदा मी दुर्बीण लावून बसलो असताना धुऱ्यावरून एक वृद्ध शेतकरी आले आणि शेजारी टेकले.

''काय पाह्यता जी एवढं?''

''हंस पाहतो आहे, भाऊ.''

''मंग रातच्याले या. हरभऱ्याचे शेंडे खुडतेत ते दिसन तुम्हाले.'' थोडे थांबून त्यांनी पाण्याकडे बोट केले. ''आमचं गाव थ्या तिकडं व्हतं. पाण्याखाली.''

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला काही बोलता आले नाही. स्वीडनमध्ये हॉर्नबोर्गा नावाचे एक सरोवर आहे. शेतीसाठी जमीन हवी म्हणून तिथल्या लोकांनी ते पुन्हा पुन्हा उपसले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पाणी परत चढवले; आता दर एप्रिलात तिथे हजारो क्रौंच उतरतात. तिथे पाण्याची शेते झाली. आपल्याकडे शेतांचे पाणी झाले. वऱ्हाडात पक्षी पाहण्याच्या आपल्या बहुतेक जागा अशाच मानवनिर्मित आहेत : अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव शहराच्या पाण्यासाठी इंग्रजी अमदानीत बांधलेले, अकोल्याकडचे महानचे काटेपूर्णा धरण सिंचनासाठी आणि शहराच्या नळांसाठी. पक्ष्यांना हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. थापटे, तलवार बदके, चक्रवाक पाणी पाहतात आणि उतरतात.

चक्रवाकाचे एक सांगायलाच हवे. रात्री ताटातूट होणारे हे जोडपे कविसमयांपैकी सर्वांत लाडके. महानच्या काठी संध्याकाळी अंधार पडेपर्यंत थांबलो तेव्हा दोन्ही पक्षी एकाच दांड्यावर, हातभर अंतरावर बसलेले होते. पण त्यांच्या हाका मात्र पाण्यावरून अशा यायच्या की एक या काठी आणि दुसरा त्या काठी असावा. कवींनी कानाने ऐकले आणि ते खोटे ऐकले नाही, असे माझे मत झाले आहे. मारुती चितमपल्लींनी आपल्या आत्मचरित्राला 'चकवाचांदण' हे नाव दिले. २०२५ साली ते गेले. बगळ्या-करकोच्यांच्या वीण-वसाहतीला 'सारंगागार' म्हणणारा हा वनाधिकारी शब्दांच्या बाबतीत आपल्या अनेक भाषातज्ज्ञांपेक्षा सधन होता. मात्र मला त्यात एक भर घालाविशी वाटते : 'गाळपेर', 'फुगवटा', 'बुडीत' हे शब्दही पक्षिकोशाच्या शेजारी असावेत. त्यांच्याशिवाय इथला पक्षी नीट वाचता येत नाही.

मार्चमध्ये कादंब उत्तरेला निघून जातात. पाणी आणखी आटते, आणि उघड्या पडलेल्या गाळावर, वाळूच्या बेटांवर नदी सुरय, छोटी आर्ली, टिटवी अंडी घालतात. घरटे म्हणजे नुसता खळगा. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, हा आडाखा इकडे अजून लावला जातो. त्याच दिवसांत टरबुजांच्या वाड्यांत माणसांची ये-जा वाढते, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गाळावरून फिरतात. मागल्या खेपेला तेच शेतकरी भेटले. वाडीच्या कोपऱ्यात त्यांनी चार काड्या रोवून मधली हातभर जागा नांगराविना सोडली होती. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ''टिटवी बसली हाये जी,'' आणि वेलांना पाणी द्यायला निघून गेले.